शेवटचा रकाना

आमच्या स्टाफरूममध्ये आपांना दाखवल्याशिवाय कोणी कशावर सही करत नसे. सिमकार्डाचा फॉर्म असो, सहलीचं संमतिपत्र असो, आपा कपाळावरचा चष्मा नाकावर घेत, पर्समधून सहा इंची लाकडी पट्टी काढत आणि ओळीखाली ती धरून वाचायला लागत. पट्टी एकेक ओळ खाली सरके. मध्येच कोणी बोललं, की पुन्हा पहिल्या ओळीवर. कुरियरवाला तर त्यांना लांबून पाहिलं तरी दुसऱ्या कोणाची सही मिळते का ते शोधायचा, कारण पावतीच्या मागचं बारीक अक्षरही त्या सोडत नसत आणि तोवर त्याला उभं राहावं लागे.

शाळा परळची. मुस्लिम मुलींची, वसतिगृहाची. दापोली, म्हसळा, श्रीवर्धन अशा गावांतून मुली येत आणि बारावी होईपर्यंत राहत. मी तिथं मराठी शिकवायला होते. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत, माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. चाळीतल्या बायका विचारायच्या, "गो, तुका थंय करमता?" मला तिथं फारच करमायचं, आणि त्याचं अर्धं कारण आपा होत्या.

आपा म्हणजे थोरली बहीण. मुली सगळ्याच बाईंना आपा म्हणत, फलाणी आपा, ढिकाणी आपा. पण पुढं नाव न लावता नुसतं 'आपा' म्हटलं, की या एकच. दाभोळ खाडीकडच्या कोकणी मुसलमान, मराठी आमच्यासारखीच, फक्त थोडी हेल काढून. नवरा तरुणपणीच गेलेला. पदरात एकच मुलगी, सफिया. शिकवायला त्यांच्याकडे दीनियात, म्हणजे धर्माचा तास. आणि दर शनिवारी अकरावी-बारावीच्या मुलींना एक जादा तास, निकाहच्या कायद्याचा.

हा तास मी पहिल्यांदा ऐकला तो चोरून, शेजारच्या वर्गात पेपर तपासताना. मधली भिंत प्लायवूडची होती.

"निकाह म्हणजे काय?" आपांचा आवाज.

"करार!" चाळीस मुली एकदम.

"मग मेहंदी म्हणजे काय? बिर्याणी म्हणजे काय?"

"सजावट!"

"आणि कराराला काय करतात?"

"वाचतात!"

मला हसू आवरेना. आमच्यात लग्न म्हणजे नशिबाच्या गाठी, आणि इथं सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना बाई भाडेकरारासारखं लग्न समजावून देत होत्या.

निकाहनाम्याचा कोरा फॉर्म त्यांनी कुठल्याशा काझींच्या कचेरीतून आणला होता आणि त्याचं मराठी करून झेरॉक्स काढल्या होत्या. मुलीनं तो भरायचा. वराचं नाव काहीही टाका, सिनेमातल्या नटाचं टाका, आपांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा डोळा शेवटच्या रकान्यावर. तिथं शर्ती लिहायच्या. बायकोला लग्नाआधी शर्त घालता येते, नवऱ्यानं मान्य केली की ती त्याच्यावर बांधील. शिक्षण पुरं करीन, नोकरी सोडणार नाही, त्यानं दुसरी केली तर तलाक घ्यायचा हक्क माझ्याकडे. हे सगळं पुस्तकात आहे, शेकडो वर्षं आहे, पण लिहून कोणी घेत नाही, असं आपा म्हणत. "लग्नाच्या हॉलमध्ये फॉर्म भरणारा माणूस शेवटच्या रकान्यात न विचारता रेघ मारतो. त्याचा दोष नाय. त्याला सवय आहे. दोष तुमचा, तुम्ही तोंड उघडलं नाय."

मुलींनी भरलेले फॉर्म त्या लाल पेनानं तपासत. 'तो माझ्यावर कायम प्रेम करील' अशी शर्त आली, की काट. शेजारी शेरा : 'प्रेम शर्तीत येत नाही. तपासता येईल असं लिही.' 'दर रविवारी चौपाटीला नेईल' याच्यावर : 'पावसाळ्यात काय?' एकीनं लिहिलं होतं, सासूनं माझ्याशी नीट बोलावं. तिच्यापुढं आपांनी लिहिलं, 'करार नवऱ्याशी आहे.' मी ते फॉर्म वाचत बसे आणि माझे निबंध तसेच राहत.

मग सराव. आपा स्वतः वकील व्हायच्या. निकाहच्या वेळी मुलीच्या बाजूचा वकील दोन साक्षीदार घेऊन बायकांच्या खोलीत येतो आणि तिला विचारतो, कबूल आहे का. आपा दोन मुलींना साक्षीदार करून वर्गाच्या दारातून आत येत, डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुलीपुढं कागद धरत, आणि त्या मुलीनं म्हणायचं, "थांबा, मला वाचायचंय." हळू म्हटलं की आपा बहिऱ्या होत. खालचा वॉचमन वर बघेपर्यंत ओरडून घेत. एकदा एक मुलगी लाजली आणि मान खाली घालून गप्प बसली. आपा म्हणाल्या, "बाय, गप्प राहिलं तरी होकार धरतात. तेही पुस्तकातच आहे. म्हणून लाजायचं असेल तर वाचून झाल्यावर लाज."

एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "टीचर, तुमच्या लग्नात तुम्ही काय लिहून घेतलंत?"

"आमच्यात लिहीत नाहीत, आपा. अग्नीपुढं सात पावलं चालतात."

"आणि आठवं?"

घरी जाऊन मी नवऱ्याला हा प्रश्न घातला, तर तो म्हणाला, त्या बाईंना आपल्याकडं जेवायला बोलवू नकोस.

सगळं काही गमतीचं नव्हतं. दापोलीकडचा एक बाप एका सोमवारी ऑफिसात येऊन उभा राहिला. त्याच्या बारावीतल्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि बैठकीत, पाहुण्यांसमोर, तिनं शेवटच्या रकान्याचं विचारलं होतं. पाहुणे चहा न पिता उठले. बाप टेबलावर हात आपटून म्हणाला, "पोरगी शिकायला पाठवली मी. वकिलीला नाय." ट्रस्टी त्याच्या बाजूला, मुख्याध्यापिका जमिनीकडे बघत. आपांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "भाई, मी हे शिकवलं. यातलं कुठलं पान चुकीचं, बोट ठेवा. उद्यापासून नाय शिकवणार." त्यानं पुस्तकाला हात लावला नाही. ट्रस्टी म्हणाले, आपा, जरा दमानं घ्या, तो तास बंद ठेवा काही दिवस. आपा म्हणाल्या, "लेखी द्या." लेखी कोणी दिलं नाही, त्यामुळे तास चालू राहिला. त्या मुलीचं ते स्थळ मात्र गेलं, आणि आपांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. सफियाचीही दोन स्थळं याच रकान्यावरून गेली होती. सफिया परळच्याच एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. हसरी, कामाला वाघ. तिची शर्त एकच, नोकरी सोडणार नाही आणि रात्रपाळीवर कोणी बोट ठेवायचं नाही. पहिल्या स्थळानं साखरपुड्यानंतर नकार कळवला. दुसऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. ती एकतिसाची झाली. नात्यातल्या बायका आपांना तोंडावर म्हणायच्या, गावच्या पोरी शहाण्या केल्यास आणि स्वतःची घरात ठेवलीस. आपा ऐकून घेत. उलट उत्तर देणाऱ्या आपा तिथं गप्प बसतात, हे मी पाहिलं होतं आणि मला ते आवडलं नव्हतं.

तिसरं स्थळ जमलं. मुलगा एसीच्या कंपनीत, अबोल, सफियाकडे बघून सारखा चष्मा पुसणारा. शर्त त्याच्या घरी कळवली होती. तिकडून ना हो आलं, ना नाही. आपांनी ते 'हो' धरलं. आयुष्यभर तोंडी गोष्टीवर विश्वास न ठेवणारी बाई, पण तेव्हा धरलं खरं.

निकाह परळच्याच एका हॉलमध्ये, दुपारचा. मला सकाळपासून बोलावणं. सफिया मला मावशी म्हणायची, आणि तिच्या खोलीत तिच्या शेजारी मी बसावं हा तिचा हट्ट. फॉर्म आपांनी स्वतःच्या हातानं, शर्तीसकट भरला होता, कारकुनाच्या हाती त्यांनी तो दिलाच नसता. बाराच्या सुमारास सफियाला तहान लागली म्हणून मी पाणी आणायला बाहेर पडले. वाटेत मॅनेजरची काचेची केबिन. आत आपा बसलेल्या, पुढ्यात तीन प्रती. समोर मुलाचे वडील उभे. ते ओरडत नव्हते. हात जोडून उभे होते. काचेतून शब्द ऐकू आले, "चारशे माणसं बसलीत, आपा. हे वाचलं तर माझे भाऊ उठून जातील. मी तुमच्या पोरीला त्रास देणार नाय. माझ्या तोंडावर विश्वास ठेवा."

आपांनी पर्समधून पट्टी काढली, शेवटच्या रकान्यातल्या शर्तीवर लावली आणि रेघ मारली. एक प्रत, दुसरी प्रत, तिसरी. घाईनं नाही. सरळ, पट्टी लावून. मान वर केली तेव्हा मी काचेपलीकडे ग्लास घेऊन उभी होते. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, हात हलवला नाही. मी पाणी घेऊन परत गेले.

त्यानंतर जी दहा मिनिटं गेली, ती मी अजून विसरलेले नाही. सफिया पाणी प्यायली. कोणीतरी तिची ओढणी नीट केली. मी तिच्या कानाशी नुसतं 'वाच' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मी काय विचार करत होते ते सांगते, लपवत नाही. एक, ही त्यांच्या घरातली गोष्ट. दोन, भर निकाहात एका हिंदू बाईनं तोंड घातलं आणि काही बिनसलं, तर दिवस कसले आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. तीन, आई आहे ती, तिला माझ्याहून जास्त कळतं. तिन्ही कारणं बरी दिसतात. खरं कारण मी घाबरले, हे आहे.

वकील आणि दोन साक्षीदार आत आले. आपा दाराला टेकून उभ्या. वकिलानं मुलाचं नाव घेतलं, मेहर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, सांगितली, विचारलं, कबूल आहे? सफियानं स्पष्ट आवाजात 'कबूल' म्हटलं. मग कागद पुढं आले. कोणीतरी नणंद चेष्टेनं म्हणाली, "वाचणार ना तू? आपांची पोरगी आहेस." खोली हसली. सफियाही हसली आणि पेन उघडत म्हणाली, "अम्मीनं भरलाय. अम्मीचा पेपर मी तपासू?"

तिनं तिन्ही ठिकाणी सही केली. मी आपांकडे पाहिलं नाही.

पुढचे नऊ महिने आम्ही दोघी एका स्टाफरूममध्ये बसत होतो आणि त्या दुपारबद्दल एक शब्द बोललो नाही. शनिवारचा तास चालू होता. पण प्लायवूडच्या भिंतीतून मला कळत होतं, आपा मेहरवर दोन-दोन तास घालवत, साक्षीदारांवर घालवत, आणि शेवटच्या रकान्याशी आल्या की घंटा होई. एखादी मुलगी विचारायची, "आपा, शर्ती?" त्या म्हणायच्या, पुढच्या शनिवारी. मी चहा पुढं केला तर त्या 'आत्ताच झाला' म्हणत, आणि झालेला नसे.

मग एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "टीचर, दुपारी घरी याल? सफिया येतेय. तिनं तुम्हाला बोलवायला सांगितलंय."

आपांची खोली भोईवाड्याकडे, तिसऱ्या मजल्यावर. मी पोचले तेव्हा सफियाचे सासरे आणि नवरा खुर्च्यांवर बसले होते, सफिया उभी. सासरे वाईट माणूस नव्हते, हे मला आजही म्हणायचं आहे. घरात त्यांची बायको अर्धांगानं पडलेली, रात्री तिला उठवायला-बसवायला कोणी हवं होतं. ते म्हणाले, "मी नोकरी सोड म्हणत नाय. रात्रपाळी सोड म्हणतो. हॉस्पिटलवाले ऐकत नाहीत, तर मग सोडायलाच लागंल."

"अब्बाजी, आपलं ठरलंय ते," सफिया म्हणाली. तिचा आवाज शांत होता, कारण तिला खात्री होती. "अम्मी, कागद काढ."

"समजुतीनं बोलू की. कागद कशाला?" सासरे म्हणाले आणि त्यांनी आपांकडे पाहिलं.

"कागद काढ, अम्मी. मावशी पण आहेत. सगळ्यांसमोर वाचू."

आपा उठल्या. कपाटाच्या वरच्या फळीवरची फाइल काढायला त्यांना इतका वेळ लागला, की जावई मदतीला उठला. त्यांनी त्याला हातानं बसवलं. निकाहनामा प्लास्टिकच्या कव्हरातून काढला आणि मुलीच्या हातात दिला. सफिया मोठ्यानं वाचायला लागली. स्वतःचं नाव, बापाचं नाव, वकिलाचं, साक्षीदारांची. खाली, खाली. मग थांबली. कागद उजेडाकडे धरला.

"इथं रेघ आहे." तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. "अब्बाजी, ही तुम्ही मारायला लावलीत?"

सासरे बोलायच्या आधी आपा म्हणाल्या, "त्यांनी हात जोडले. रेघ मी मारली."

"मला न विचारता?"

"तुला न विचारता."

"का?"

"तू एकतीसची होतीस आणि मला भीती वाटली. दुसरं कारण नाय."

सफियानं कागद टेबलावर ठेवला. मग तिनं विचारलं, "आणखी कोणाला माहीत होतं?"

सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी त्या दिवशी मला काचेपलीकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं फक्त आपांनी. आपा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोणाला नाय. केबिनमध्ये मी आणि हे. तिसरं कोणी नव्हतं."

तेव्हा जावई, नऊ महिन्यांत मी ज्याचं एक पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं, चष्मा काढून म्हणाला, "मला कोणी विचारलं असतं तर त्या शर्तीवर मी सही केली असती. मला विचारलंच नाय कोणी."

सासरे 'अरे' म्हणाले आणि पुढचं विसरले. मला आपांकडे बघवेना. ज्या नकाराच्या भीतीनं त्यांनी ती रेघ मारली, तो नकार तिथं नव्हताच.

आपा सावरल्या त्या कायद्यानं. "शर्त नंतरही घालता येते. दोघांची मर्जी लागते, लेखी लागते." टेबलाच्या खणातून त्यांनी कोरा कागद आणि पेन काढलं आणि लिहायला बसल्या.

"तू नको," सफिया म्हणाली.

आपांनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, तुम्ही लिहा. माझ्याकडून एकच माणूस आहे इथं."

मी लिहिलं. मराठीत, तिनं सांगितलं तसं. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेला हात, पण त्या चार ओळींत मला दोनदा थांबावं लागलं. घरच्या आजाऱ्यासाठी बाई ठेवायची, हे जावयानं स्वतःहून घालायला लावलं. सफियानं वाचलं, त्यानं वाचलं, दोघांनी सह्या केल्या. सासऱ्यांनीही साक्षीदार म्हणून केली, मुकाट्यानं. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी मी केली. कागद घेऊन सफिया गेली. जाताना आईच्या पाया न पडता, सलाम न करता गेली.

आम्ही दोघी उरलो. मी म्हणाले, "आपा, मी तिला सांगते. मी पाहिलं होतं."

आपांनी फाइल बंद केली. "मला ठाऊक आहे तुम्ही पाहिलं होतं. मी तिन्ही प्रती होईपर्यंत हळूहळू रेघा मारत होते. वाटत होतं, तुम्ही आत याल."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही.

"आता सांगू नका, टीचर. तिला एक तरी माणूस राहू द्या."

आपा निवृत्त होऊन खाडीकडच्या गावी भावाकडे राहतात. सफिया वर्षातून दोनदा जाते, औषधं नेते, दोन दिवस राहते. रुग्णालयात ती आता सिस्टर-इन्चार्ज आहे. कुठलाही कागद आला की तो घेऊन माझ्याकडे नायगावला येते, आईकडे नेत नाही. गेल्या ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली, माझ्या पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि बोलता बोलता म्हणाली, "मावशी, एक सांगा. त्या दिवशी तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही मला सांगितलं असतं ना?"

मी "हो" म्हटलं.